साडेचारशे ग्रॅमांचा तपास

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या आश्रयाने वाढलेल्या भवानीनगरात गाळपाच्या अखेरच्या दिवसांत मळीचा आंबूस-गोड दर्प आणि बगॅसच्या धुरातून उतरणारी काळी काजळी यांपासून कोणाचीही सुटका नसते. वाळत घातलेल्या धोतरांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि उभ्या मोटारींच्या टपांवर ती सारख्याच निःपक्षपातीपणाने बसते. याच रस्त्याकडेला मोटारींच्या एसीची दुरुस्ती करणाऱ्या एका मिस्त्रींचे पत्र्याचे गॅरेज आहे. तेथे मी प्रथम थांबलो, तो कानांवर पडलेल्या एका नकारामुळे.

सणसरकडचे एक वयस्क बागायतदार आपली लहानशी मोटार घेऊन आले होते. वारा भरपूर येत होता, गारवा मात्र नव्हता.

“मिस्त्री, गॅस टाका नि मोकळं करा मला. मागल्या उन्हाळ्यातबी असाच टाकला होता.”

“टाकतो की आबा. पण मागला गेला कुठं, ते नको का कळायला?”

तयार गिऱ्हाईक पैसे देण्यास उत्सुक असताना, घटकाभराच्या कामाचे दिवसभराच्या तपासात रूपांतर करणाऱ्या त्या माणसाविषयी मला जे कुतूहल वाटले, ते पुढे त्याच्या बाकड्यावर पुनःपुन्हा जाऊन बसल्यानंतरही ओसरले नाही. गॅस हा मोटारीत पेट्रोलाप्रमाणे खर्च होत नाही. बंदिस्त नळ्यांतून तोच तो गॅस द्रव होतो, पुन्हा वायू होतो आणि बैठकीतली उष्णता उचलून बाहेर टाकत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी निसटला, आणि ती वाट न बुजवता नवा भरणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणे होय, असे माझे स्पष्ट मत त्या बाकड्यावरच बनले.

पंखा, पट्टा, कॉम्प्रेसरचा क्लच, आतली जाळी ही नित्याची तपासणी मिस्त्रींनी बोलता बोलता उरकली. मग निळी आणि तांबडी नळी जोडून त्यांनी मला घड्याळांवरचे काटे दाखवले. इंजिन बंद होते, बाहेर पस्तीस अंशांचे ऊन होते, आणि दोन्ही काटे ११५ पौंडांच्या आसपास स्थिर होते. अननुभवी माणूस येथेच फसतो. कारण नळ्यांत थोडासा जरी द्रव शिल्लक असला, तरी थांबलेल्या यंत्रातला दाब केवळ बाहेरच्या उष्णतेवर ठरतो, गॅस किती उरला आहे याची कैफियत तो देत नाही. इंजिन सुरू होताच खरे रूप उघडे पडले: निळ्या बाजूला तीस-चाळीस आणि तांबड्या बाजूला दोनशेच्या वर जेथे हवे, तेथे दोन्ही काटे खालीच रेंगाळू लागले आणि क्लच क्षणात लागे, क्षणात सुटे.

“हिला साडेचारशे ग्रॅम लागतो,” बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर बोट ठेवून मिस्त्री म्हणाले. यंत्राने ओढून सिलिंडरात घेतलेला उरलासुरला गॅस वजनकाट्यावर भरला एकशे ऐंशी. “साडेचारशातला एवढाच राहिलाय, आबा.”

तो वाऱ्यावर सोडून देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि ती मला अक्षम्य वाटते. ओझोनचा नाश करणारा जुना आर-१२ हा वायू १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाने हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रबळ आहे, म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच्याही वापरावर उतरती मर्यादा घातली. एका लहान मोटारीचे साडेचारशे ग्रॅम हवेत गेले, तर त्यांचा परिणाम अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका होतो.

आता गळती शोधायची. मिस्त्री पुढच्या जाळीपाशी उकिडवे बसले आणि कंडेन्सरवर हलकेच हवा मारू लागले. उसाच्या पाचटाचा चुरा उडाला, फुफाटा उडाला, काजळी उडाली. उजव्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला, रुपयाएवढा एक काळा डाग मात्र जागचा हलेना. गॅस एकटा बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसरचे तेल बरोबर घेऊन पडतो, आणि त्या ओलाव्याने कारखान्याची काजळी तेवढ्याच जागी धरून ठेवली होती. त्यांनी बोट लावून तेल चोळून पाहिले, मग खातरजमेसाठी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावला. बारीक बुडबुड्यांची माळ तेथूनच उमटली. जे उपकरण शहरातून मागवावे लागले असते, त्याचे काम गावाच्या काजळीने केले, हे पाहताना मला झालेला आनंद अजून मावळलेला नाही.

मोटारीतला गारवा ही गरज तशी अलीकडची. जवळच्याच वालचंदनगराला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटी आपल्या वडीलधाऱ्यांनी काचा खाली करून, मानेवर ओला रुमाल टाकून चालवल्या. आबांनीही तशी एक चालवली होती. पण ऐन उन्हात नातवंडांना दवाखान्यात न्यायचे असते, असे ते म्हणाले, आणि नव्या कंडेन्सरचा खर्च त्यांनी घासाघीस न करता मान्य केला.

कंडेन्सर बदलला, तेल घातले, पंपाने नळ्या निर्वात केल्या. या कामी मिस्त्री कोणाचीही घाई ऐकत नाहीत. निर्वात नळीत पाणी साध्या उष्णतेलाही उकळून निघून जाते; तेच आत राहिले, तर पुढच्या अरुंद तोंडाशी गोठून वाट अडवते. पंप बंद केल्यावरही काटा अर्धा तास जागचा हलता कामा नये, हा त्यांचा जाबता आहे. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून साडेचारशे ग्रॅम.

“थोडा जास्त टाका की,” आबा म्हणाले.

“जास्तीनं गार कमी होतं, आबा. तांबडा काटा वर चढतो. साडेचारशे म्हणजे साडेचारशेच.”

थोड्या वेळाने जाळीत खोचलेला तापमापक सात अंशांवर आला.

आबा गेल्यावर विषय उसाच्या वाहनांकडे वळला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालमोटारींच्या केबिनीत एसी असणे केंद्र सरकारने सक्तीचे केले आहे, म्हणून मोठ्या सिलिंडरची तजवीज मिस्त्रींनी करून ठेवली आहे. ट्रॅक्टर त्या हुकुमात येत नाहीत. दुहेरी ट्रॉल्या ओढणारे चालक फडापासून कारखान्याच्या काट्यापर्यंत उघड्या आसनावर बसून येतात आणि नंबर लागेपर्यंत उन्हातच थांबतात. त्यांच्यासाठी मिस्त्रींनी गॅरेजाबाहेर पाण्याचा रांजण भरून ठेवला आहे.