माळ्यावरची झबली

सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात असो की गंगापूर रोडवरच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, लहान मूल असलेल्या घरी माळ्यावर एक गाठोडे हमखास सापडते. त्यात बारशाचे झबले, लोकरी टोपडी, पहिल्या वाढदिवसाला एकदाच घातलेला जरीचा कुर्ता, एक डोळा निघालेला ससा आणि बॅटरीवर नाचणारे, पण आता न नाचणारे माकड असते. दिवाळीच्या आवराआवरीत हे गाठोडे खाली येते. आई ते उघडते, दोन-चार कपडे हातात घेऊन बघते, ‘किती इवलासा होता नाही!’ म्हणते आणि कुकरची शिट्टी झाली की गाठोडे पुन्हा वर जाते. जाताना त्या वर्षीची आणखी एक पिशवी सोबत घेऊन जाते.

याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. गणितच तसे आहे. पूर्ण दिवसांचे बाळ जन्मतः साधारण ५० सेंटिमीटर लांब असते. पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात आणखी १२च्या आसपास. वजन तर पहिल्या वाढदिवसापर्यंत जवळजवळ तिप्पट होते. म्हणजे एका वर्षात तीन-चार मापांचे कपडे येतात आणि आखूड होतात. त्यातले निम्मे तर फाटण्याएवढे वापरलेलेही नसतात. भर म्हणून बारसे, उष्टावण आणि वाढदिवस यांच्या भेटी आहेतच.

वस्तू घरात येताना कोणाला काही ठरवावे लागत नाही. बाहेर जाताना मात्र एकेका वस्तूपाशी थांबावे लागते. ठेवायची की द्यायची? कोणाला? त्यांना राग तर येणार नाही? ज्या आत्याने आणली तिला कळले तर? अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे बाबा आणि नोकरी, शाळेचा डबा, अभ्यास यांत गुंतलेली आई, यांच्या हाती रात्री नऊनंतर जो तासभर उरतो त्यात असे चाळीस निर्णय होत नाहीत. गाठोडे म्हणजे खरे तर पुढे ढकललेल्या निर्णयांची थप्पी असते.

पूर्वी हे निर्णय एकट्यादुकट्याच्या माथी नसत. चुलत-मावस भावंडांच्या रांगेत एकच झबले चार बाळांच्या अंगावरून जाई. नवजात बाळाला कोरे कापड न घालता आधीच्या बाळाचे, धुऊन धुऊन मऊ झालेले कपडे घालत. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी आणि बाळोती होत. त्यामागे काटकसर होती तसा शहाणपणाही होता. नव्या कापडाला कडकपणा आणि चमक यावी म्हणून लावलेली रसायने अनेक धुण्यांत निघून जातात. म्हणूनच नवे कपडे एकदा धुतल्याशिवाय बाळाला घालू नयेत, असे त्वचारोगतज्ज्ञही सांगतात. उरलेल्याचा निकाल बोहारीण लावी. दारात बसून ती प्रत्येक कपडा उजेडात धरून बघे, नाक मुरडे आणि शेवटी एखाद्या पातेल्यावर सौदा तुटे. घासाघीस होई, पण त्या दुपारी निर्णयही होऊन जाई. दिवसभर कुलूप असलेल्या घरांच्या वसाहतीत तिची हाक ऐकायलाच आता कोणी नसते.

या पसाऱ्याचा भार सगळ्यात जास्त कोणावर पडतो? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी तिथल्या मध्यमवर्गीय, नोकरदार आईबाप असलेल्या कुटुंबांचा काही वर्षे बारकाईने अभ्यास केला. डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी यांनी त्यातल्या ६० पती-पत्नींना आपापले घर फिरून दाखवायला सांगितले आणि त्यांचे बोलणे टिपले. सोबत त्यांच्या लाळेतल्या कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची दिवसातून अनेकदा मोजणी केली. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. कॉर्टिसोल सकाळी जास्त असते आणि संध्याकाळपर्यंत उतरत जाते. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट कामे असे शब्द वारंवार येत होते, त्यांच्यात ही उतरण सपाट आढळली. नवऱ्यांच्या बाबतीत असा ठळक संबंध दिसला नाही. पसाऱ्यामुळे ताण येतो की ताणलेल्या माणसाला पसारा जास्त दिसतो, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण एकाच खोलीतली तीच खेळणी नवऱ्याला फक्त खेळणी दिसतात आणि बायकोला उद्याचे काम दिसते, हे ओळखायला बहुतेक घरांना लाळेच्या तपासणीची गरज पडू नये.

आवरायला बसले तरी हात अडतो, त्यालाही कारण आहे. डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले. थोड्याच वेळात ते विकायला सांगितल्यावर, मग नसलेले विद्यार्थी जी किंमत द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट किंमत ते मागू लागले. काही मिनिटे आपल्या मालकीच्या असलेल्या मगाची ही कथा, तर ताप आलेल्या रात्री बाळाला गुंडाळलेल्या दुपट्याचे काय! यावर सोपा उतारा आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत वस्तू दान करण्याआधी आठवणीसाठी फोटो काढून ठेवा, असे आवाहन केले, तेव्हा नेहमीच्या आवाहनापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त वस्तू जमा झाल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. आईबापांनी फोटो काढावाच, आणि खरोखर जीव अडकलेले एखादे झबलेही खुशाल ठेवावे. एकाला जागा लागत नाही.

‘राहू दे, खायला थोडेच मागते’ हा घरातल्या मोठ्यांचा युक्तिवाद मात्र तपासून घ्यायला हवा. साठवलेल्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून गाठोड्यात डांबराच्या गोळ्या टाकतात. या गोळ्यांपैकी बऱ्याच नॅप्थॅलीनच्या असतात. त्यांची वाफ कापडात मुरते आणि कपडे बाहेर काढले तरी वास येत राहतो. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम कमी असते. ही कमतरता आनुवंशिक असून मुलग्यांत अधिक आढळते. अशा बाळाच्या शरीरात श्वासातून किंवा त्वचेतून नॅप्थॅलीन गेले, तर लाल रक्तपेशी भराभर फुटतात. रक्त कमी होते, कावीळ वाढते आणि नवजात बाळात ती मेंदूपर्यंत पोचू शकते. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १९६३ साली अशा २१ अर्भकांची माहिती प्रसिद्ध केली होती. ती नॅप्थॅलीनच्या वाफेच्या संपर्कात आली होती आणि त्यातल्या १२ जणांत या एन्झाइमची कमतरता होती. उरलेल्यांत ती नव्हती, म्हणजे ‘आमच्याकडे तसे काही नाही’ म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही.

भारतात ही कमतरता दुर्मीळ नाही आणि काही आदिवासी समाजांत तिचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले आहे. नाशिकमधून बाळांचे कपडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांकडे मोठ्या मायेने पाठवले जातात, म्हणून हे इथे विशेष सांगायला हवे. डांबराच्या गोळीचा वास येणारे झबले कोणत्याही तान्ह्याच्या अंगावर जाऊ नये, आपल्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. ते धुऊन काही दिवस उन्हावाऱ्यात ठेवावे. तरीही वास राहिला तर त्याचे फडके करावे. बाळाचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, ते मलूल पडले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करावा. नॅप्थॅलीनऐवजी कापराच्या वड्या ठेवणेही बरे नाही, कारण रांगत्या मुलाने त्या गिळल्या तर झटके येऊ शकतात. गंमत म्हणजे कसर खाते ती मुख्यतः लोकर आणि रेशीम. स्वच्छ धुतलेल्या, खडखडीत वाळलेल्या सुती झबल्यांना गोळीची गरजच नसते.

नाशिकच्या पावसाळ्यात माळ्यावरच्या गाठोड्याला कुबट वास सुटतो, तो बुरशीचा. मऊ खेळण्यांत धूळकिडे घर करतात. दम्याच्या किंवा सतत शिंकणाऱ्या मुलाच्या खोलीत अशा अस्वलांची रांग असणे चांगले नव्हे. शिवण आणि कापड टिकणारे असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतल्याने हे किडे मरतात. ज्याला गरम पाणी चालत नाही ते खेळणे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिवसभर डीप फ्रीजरमध्ये ठेवावे आणि मग साध्या पाण्याने धुवावे.

खेळण्यांच्या बाबतीत आईबापांना एक अपराधी भावना असते. वेळ देता येत नाही, निदान खेळणी तरी भरपूर असू देत. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन खेळू दिले. २०१८ सालच्या या अभ्यासात चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी अधिक तऱ्हांनी खेळली. अभ्यास छोटा आहे, प्रयोगाच्या खोलीतला आहे. पण घरी करून बघायला पैसे पडत नाहीत. निम्मी खेळणी महिनाभर दिसेनाशी करावीत. महिन्याने बाहेर काढल्यावर ज्यांच्यावर मूल झडप घालते ती राहू द्यावीत. ज्यांची त्याला आठवणही झाली नाही, ती देण्याच्या पिशवीत जाऊ शकतात.

मूल शाळेत गेल्यावर गुपचूप टाकून देणे सोपे वाटते, पण तो मार्ग शक्यतो टाळावा. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ‘हुबेहूब नक्कल करणारे यंत्र’ दाखवले. इतर खेळण्यांची नक्कल मुलांनी आनंदाने घेतली. ज्याला घेऊन झोपतात त्या गोधडी-बाहुलीची वेळ आली, तेव्हा बहुतेकांना आपलीच जुनी परत हवी होती. काहींनी तर ती यंत्रात घालूच दिली नाही. अशी एक वस्तू मुलाच्या लेखी कितीही मळकी असली तरी जुनी होत नसते. बाकीच्यांबद्दल चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘यातले काही देऊ या का?’ विचारले तर उत्तर ‘नाही’ येते. ‘या सातमधली दोन कोणती देऊ या?’ विचारले तर ते विचारात पडते.

सगळीच खेळणी मात्र पुढे देण्याजोगी नसतात, आणि इथे झबल्याचा न्याय प्लास्टिकला लावता येत नाही. इंग्लंडच्या प्लीमथ विद्यापीठातल्या अँड्र्यू टर्नर यांनी तिथली घरे, पाळणाघरे आणि जुन्या वस्तूंची दुकाने यांतली २०० वापरलेली प्लास्टिकची खेळणी तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनेक खेळण्यांत शिसे, कॅडमियम यांसारखी घातक मूलद्रव्ये आढळली, विशेषतः लाल, पिवळ्या आणि काळ्या प्लास्टिकमध्ये. लहान मूल खेळणे तोंडात घालते, आणि शिशाची सुरक्षित अशी पातळीच ज्ञात नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्याआधीची, रंगाचे पोपडे निघालेली, चिरलेली खेळणी तान्ह्यांच्या घरी देऊ नयेत. बोलणारी पुस्तके, चमकणाऱ्या भिंगऱ्या यांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या सगळ्यात आधी बघाव्यात. झाकणाचा स्क्रू हरवलेला असेल तर बॅटरी काढल्याशिवाय ते खेळणे हलवूच नये. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजल्यासारखी गंभीर इजा करू शकते. बंद पडलेली विजेवरची खेळणी २०२२च्या नियमांनुसार ई-कचऱ्यात मोडतात. ती घंटागाडीत ओल्या-सुक्यात मिसळू नयेत.

उरलेली चांगली वस्तू कोणाकडे द्यायची? सगळ्यात जवळची जागा म्हणजे अंगणवाडी. २०२२च्या मे महिन्यात भोपाळमध्ये मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान हातगाडी ढकलत अंगणवाड्यांसाठी खेळणी गोळा करायला निघाले होते. त्यासाठी मुख्यमंत्र्यांची गाडी दारात यायला हवी असे नाही. आपल्या वॉर्डातल्या सेविकेला आधी फोन करून काय हवे ते विचारावे. ठोकळे, चेंडू, भातुकली, चित्रांची पुस्तके बहुधा उपयोगी पडतात. बंद पडलेले माकड पडत नाही. केंद्र सरकारने २०२३च्या मे महिन्यात शहरांना जुने कपडे, खेळणी, पुस्तके घेणारी ‘आरआरआर’ केंद्रे उघडायला सांगितले होते. आपल्या भागातले केंद्र सध्या चालू आहे का, हे महापालिकेच्या सहापैकी आपल्या विभागीय कार्यालयात विचारून घ्यावे. फाटके, डागाळलेले कपडे मात्र दान म्हणून देऊ नयेत. त्यांची फडकी होतात, गॅरेजवाले तेल पुसायला नेतात. खतप्रकल्पात त्यांचा उपयोग नाही, पॉलिएस्टर तर कुजतच नाही.

हे सगळे एका रविवारी करायचे म्हटले तर पुन्हा कुकरची शिट्टी आहेच. त्याऐवजी कपाटाच्या दारामागे एक कापडी पिशवी टांगावी. शर्ट डोक्यातून काढताना अडकला की धुऊन वाळल्यावर तो घडीच्या कपड्यांत न जाता त्या पिशवीत जातो. निर्णय तिथल्या तिथे होतो. पिशवी भरली की बाहेर. स्वेटर, कानटोप्या यांची घाई मात्र करावी. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याची बातमी येईपर्यंत द्राक्षबागांवर मजुरीला आलेल्या कुटुंबांतली मुले थंडीत काकडत असतात. पिशवीवर चिठ्ठी लावावी: ‘२ ते ३ वर्षे, स्वेटर ३, पायजमे ४, सगळे धुतलेले’. घेणाऱ्याला ती उघडून धुंडाळावी लागत नाही.