पहिली इलेक्ट्रिक गिटार: किंमत आणि जुळणी

वाशीम जिल्ह्यात कारंजा किंवा रिसोडसारख्या गावी कमी पैशांत पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना बहुधा नाव आणि रंग पाहिला जातो, आणि बोटे दुखू लागली की दोष स्वस्त लाकडाला दिला जातो; वास्तविक हा त्रास बहुतेकदा ‘ॲक्शन’चा (तार आणि पडदा यांतील अंतराचा) असतो. मिरजेचा उत्तम तंबोराही जवारी (तार घोडीवर नेमकी टेकावी म्हणून केलेली जुळणी) लावल्याखेरीज बोलत नाही, तसेच हे आहे. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली सुमारे 2 मिलिमीटर अंतर पुरेसे असते, आणि ते घोडीवरचे (तारा जिच्यावर टेकतात त्या भागावरचे) बारीक स्क्रू फिरवून साधता येते. म्हणून अकोल्याला किंवा नागपूरला दुकानात जाऊन प्रत्येक पडद्यावर तार दाबून खरखर येते का ते ऐकावे, शक्यतो स्थिर (दांडीने न हलणाऱ्या) घोडीचीच गिटार निवडावी, आणि छोट्या अँपचे (आवाज वाढवणाऱ्या यंत्राचे) पैसे आधीच बाजूला ठेवावेत, कारण अँपशिवाय या गिटारचा आवाज खोलीबाहेरही नीट पोचत नाही.