उपाहारगृहातील पंगत

उपाहारगृहात जाऊन जेवणे हे आमच्या लहानपणी हौसेचे नव्हे, तर नाइलाजाचे लक्षण समजले जाई. प्रवासात अडलेला किंवा घरी रांधणारे माणूस नसलेला गृहस्थ तेवढा खानावळीची पायरी चढे. म्हणून गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयता पेणहून मुंबईस चिरंजीवांकडे गेलो असता, "बाबा, उद्या दुपारी आपण सगळेच बाहेर जेवू," असे सूनबाईंनी सुचविले, तेव्हा आमच्या कपाळास आठी पडली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घरात चूल असता बाहेर कशाला, हा आमचा प्रश्न. परंतु सूनबाईंचा बेत ठरलेला होता.

ताडदेव येथील 'स्वाती स्नॅक्स' हे ते उपाहारगृह. मीनाक्षी झवेरी या बाईंनी १९६३ साली ते काढले. गुजराती घरांत नित्य होणारे पदार्थ नीटनेटके करून वाढावयाचे, हा तेथील परिपाठ. स्थळ श्रीमंती वस्तीतले, तरी थाटमाट मुळीच नाही. आधी जागा राखून ठेवण्याचीही सोय नाही. दाराशी नाव नोंदवावे आणि आपली पाळी येईपर्यंत स्वस्थ उभे राहावे. मोटारीतून उतरलेले शेटजी आणि पाठीस दप्तर लावलेले विद्यार्थी एकाच क्रमाने तिष्ठत होते. मुंजीच्या दुसऱ्या पंगतीची वाट पाहणाऱ्या मंडळींची आम्हांस आठवण झाली.

यथावकाश जागा मिळाली आणि प्रथम 'पानकी' आली. तांदळाचे पीठ ताकात सैलसर कालवून, केळीच्या दोन पानांमध्ये पातळ पसरून ती तव्यावर भाजतात. वरचे पान उचलताच वाफ येते आणि आत कागदासारखी पातळ, पिवळसर पोळी दिसते. ती पाहताच आमच्या कुटुंबाचा चेहरा उजळला. "अहो, ही तर आपल्या पानगीची धाकटी बहीण!" असे त्या उद्गारल्या. खरेच होते ते. कोकणातील आमची पानगी जराशी जाड, इतकाच काय तो भेद.

पुढे जे घडले त्यासाठीच हा लेख लिहिण्यास बसलो आहो. त्यांनी आपल्या पुढ्यातील पान सोडविले, आतली पानकी अलगद उचलली आणि सवयीने आमच्या ताटात ठेवली. सूनबाईंनी त्यांचा हात धरला. "आई, बाबांची त्यांना आली आहे. ही तुमची. गरम आहे तोवर खा बघू." त्या किंचित लाजल्या, मग त्यांनी एक घास घेतला आणि हलकेच म्हणाल्या, "गरम असताना अशी लागते होय!"

वाक्य एवढेच. त्यात तक्रारीचा लेशही नव्हता. परंतु आमच्या हातचा घास हातातच राहिला.

आमच्या एकत्र घरी चाळीस वर्षे या बाईंच्या हातच्या पानग्या आम्ही खात आलो. तव्यावर एका वेळी मावतात दोन किंवा तीन. आधी मुलांना, मग आम्हा बंधूंना, मग आल्यागेल्यास. आणि सर्वांचे आटोपल्यावर, पान सुकून चिकटलेल्या थंड पानग्या त्यांच्या व धाकट्या जाऊबाईंच्या वाट्यास. आमच्या निवांत भोजनातील निवांतपणा कोणाच्या पदरचा होता, हे आम्ही कधी पुसले नाही.

बाहेरच्या खाण्यापिण्याविषयी आपल्या समाजाने वाद काय थोडे घातले? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनात चहा घेतल्यावरून केवढे ग्रामण्य माजले! न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांसही प्रायश्चित्ताच्या प्रकरणातून जावे लागले. कोठे प्यावे, कोणाच्या हातचे प्यावे, याचा इतका खल झाला. पण आपल्याच घरात शेवटी कोण जेवते आणि काय उरलेले जेवते, यावरून ग्रामण्य झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

कोणी म्हणेल, ही शास्त्राचीच आज्ञा. तर शास्त्र पाहू. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात अतिथी, आप्त व सेवक जेवल्यावर उरलेले अन्न कोणी खावे हे सांगितले आहे. तेथे शब्द आहे 'दंपती', आणि क्रियापदही द्विवचनी. म्हणजे मागाहून जेवावयाचे ते दोघांनी! तीस वर्षे आम्ही मुलांकडून द्विवचन घोकून घेतले. चुकले तर छडीही उगारली. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र ते आम्हांस कधी चालविता आले नाही.

असो. त्या दिवशी पुढे सातपडी रोटी आली, गट्ट्याची भाजी आली, फाडांची खिचडी व कढी आली, शेवटी उसाचा रस झाला. चांगला सवा तास आम्ही बसलो होतो. एवढ्या वेळात कुटुंब एकदाही उठल्या नाहीत. त्यांच्या माहेरच्या विहिरीची, पाटावरवंट्याची, आम्ही कधी न ऐकलेली हकीकत त्यांनी रंगवून सांगितली. बाहेर माणसे खोळंबली होती, तरी आम्हांस कोणी घाई केली नाही. बिलाचा आकडा पाहून आम्ही चष्मा पुसला खरा. पण त्या सव्वा तासाची किंमत त्यात धरली, तर तो महाग म्हणवत नाही.

दर आठवड्यास उपाहारगृह गाठणे ना प्रत्येक घरास परवडेल, ना तो त्यावरचा उपाय. पेणला परतल्यावर आम्ही बंधूंनी रविवारची पंगत उलटी केली आहे: दोन्ही जावा आणि मुले पाटावर, आम्ही तव्यापाशी. पहिल्या दिवशी चार पानग्या करपल्या आणि एक तव्यालाच बसली. कुटुंबांना तीनदा उठावेसे वाटले. तीनदा आम्ही त्यांना खाली बसविले. पाचवी पानगी बरी साधली. ती वाफ जिरण्यापूर्वी त्यांच्या पानात पडली, आणि मग, सर्वांच्या शेवटी, करपलेल्या चार आम्ही दोघा भावांनी वाटून घेतल्या.