सोमवारची टिपणं आणि एका पदवीचा विषय

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं हंट्सव्हिल शहर १९६७च्या उन्हाळ्यात चंद्राच्या तयारीत बुडालेलं होतं. ‘सॅटर्न-५’ हे अजस्र रॉकेट तयार करण्याची जबाबदारी तिथल्या मार्शल अवकाश केंद्राकडे होती. जर्मनीत नाझी राजवटीसाठी व्ही-२ क्षेपणास्त्रं बनवून पुढे अमेरिकेत आलेले वेर्नर फॉन ब्राउन हे केंद्राचे संचालक होते. त्या उन्हाळ्यात केंद्रात फिलिप टॉम्पकिन्स नावाचे एक सल्लागार दाखल झाले. ते इंजिनियर नव्हते आणि भौतिकशास्त्रज्ञही नव्हते. पर्ड्यू विद्यापीठातून संवाद या विषयात डॉक्टरेट मिळवलेले ते प्राध्यापक होते. एवढ्या मोठ्या केंद्रात माहिती कुठून कुठे जाते आणि कुठे अडते, हे शोधण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

अधिकाऱ्यांशी बोलताना ‘सोमवारच्या टिपणां’चा उल्लेख वारंवार होऊ लागला. केंद्रातल्या प्रयोगशाळांचे प्रमुख आणि मोठ्या प्रकल्पांचे अधिकारी दर सोमवारी फॉन ब्राउन यांना एक पान पाठवत. गेल्या आठवड्यात काय झालं आणि काय अडलं, एवढंच त्यात असे. पान एकच, आणि मधल्या कुठल्याही साहेबाच्या टेबलावरून न जाता थेट संचालकांकडे. फॉन ब्राउन प्रत्येक पान वाचत आणि समासात हाताने शेरे लिहीत: एखादा प्रश्न, एखादी शाबासकी, अमुक माणसाशी बोलून घ्या अशी सूचना. मग शेऱ्यांसकट सगळ्या पानांच्या प्रती काढून तो गठ्ठा सर्वांकडे परत जाई. त्यामुळे इंजिनवाल्यांची अडचण दिशादर्शन यंत्रणेवाल्यांना कळे आणि त्यावर संचालकांचं मत काय, हेही सगळ्यांसमोर येई.

टॉम्पकिन्स यांना आणखी एक गोष्ट आढळली. सोमवारचं पान भरायचं म्हणून प्रमुख मंडळी आपल्या हाताखालच्या लोकांकडून शुक्रवारी अहवाल मागवू लागली होती. वरून मागितलेल्या एका पानाने खालपर्यंत माहितीचे पाट खोदले होते, आणि तेही कुठलाही हुकूम न काढता.

संस्थेत कोण कोणाशी बोलतं, काय बोलतं आणि काय गिळून टाकतं, यावर संस्थेचं काम उभं असतं. हे तपासता येतं आणि शिकवताही येतं, हा विश्वास ‘ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन’ या विद्याशाखेच्या मुळाशी आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत या विषयात चार वर्षांची पदवी घेता येते. आपल्याकडे मात्र हा विषय अजून बहुतेकांना ‘सॉफ्ट स्किल्स’च्या कार्यशाळेपुरताच ठाऊक आहे.

या अभ्यासाची पाळंमुळं कारखान्यात आहेत. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४पासून उजेड, सुट्टीची वेळ आणि उत्पादन यांच्या संबंधांवर प्रयोग सुरू झाले. १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१ हजार कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सुरुवातीला ठरावीक प्रश्न विचारले जात, पण कामगार भलत्याच विषयांवर बोलू लागत. तेव्हा मुलाखतकारांनी पद्धत बदलली: कामगाराला बोलू द्यायचं आणि आपण ऐकायचं. १९३८ साली न्यू जर्सी बेल या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष चेस्टर बर्नार्ड यांनी आपल्या पुस्तकात, संवादाची व्यवस्था उभी करणं आणि टिकवणं हे अधिकाऱ्याचं पहिलं काम आहे, असं मांडलं. पुढे पर्ड्यू विद्यापीठात चार्ल्स रेडिंग यांनी या विचाराला स्वतंत्र अभ्यासाचं रूप दिलं. त्यांना या विषयाचे जनक मानतात. १९७२च्या ग्रंथात त्यांनी संवादाला पोषक वातावरणाची पाच अंगं सांगितली: पाठबळ, निर्णयात सहभाग, विश्वास, मोकळेपणा आणि उत्तम कामाचा आग्रह.

ही पाच अंगं कागदावर साधी दिसतात. त्यांची किंमत कळायला २७ जानेवारी १९८६ची रात्र आठवावी लागते.

दुसऱ्या दिवशी ‘चॅलेंजर’ यान उडणार होतं. त्याच्या घन इंधनाच्या रॉकेटांची देखरेख त्याच मार्शल केंद्राकडे होती, आणि रॉकेटं बनवली होती युटामधल्या मॉर्टन थायोकोल कंपनीने. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार असल्याचा अंदाज होता. थंडीत सांध्यांतली रबरी कडी, म्हणजे ‘ओ-रिंग’, ताठर होतात आणि तप्त वायू त्यांतून निसटू शकतो, ही भीती थायोकोलच्या इंजिनियरांना होती. त्यांपैकी रॉजर बॉयजोली यांनी जुलै १९८५मध्येच वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता. त्या रात्री तीन ठिकाणची माणसं फोनवर जोडली गेली. इंजिनियरांनी घाईघाईत १३ तक्ते तयार करून फॅक्सने पाठवले. सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण नको, अशी कंपनीची पहिली शिफारस होती.

मार्शलच्या अधिकाऱ्यांना ती पटली नाही. थायोकोलने आपसात चर्चेसाठी पाच मिनिटं मागितली, ती अर्धा तास चालली. इंजिनियरची टोपी काढून व्यवस्थापकाची घाला, असं त्या चर्चेत एका वरिष्ठाने दुसऱ्याला सुचवलं. फोन पुन्हा जोडला तेव्हा शिफारस उलटली होती. सकाळी तापमान सुमारे २ अंश होतं. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात अंतराळवीर गेले.

या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाच्या अहवालात सदोष सांध्याइतकीच सदोष निर्णयप्रक्रियाही नोंदवली आहे. रात्रीचा हा वाद उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांपर्यंत पोहोचलाच नव्हता. शिवाय तापमान आणि ओ-रिंगची हानी यांचा संबंध जोडताना ज्या उड्डाणांत हानी झाली तेवढीच पाहिली गेली. बिनहानीची उड्डाणं शेजारी मांडली असती, तर ती जवळपास सगळी उबदार हवेतली होती हे दिसलं असतं. माहिती कंपनीकडे होती, पण ती पटेल अशी मांडली गेली नाही आणि ऐकणारे ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. समाजशास्त्रज्ञ डायन व्हॉन यांनी १९९६च्या ग्रंथात दाखवलं की छोटे दोष वर्षानुवर्षं खपवून घेता घेता ते नेहमीचेच वाटू लागले होते. टॉम्पकिन्स यांनीही या दुर्घटनेचा आपल्या जुन्या निरीक्षणांच्या उजेडात अभ्यास केला. ‘चॅलेंजर’ हा आज या विषयाच्या वर्गांत हमखास चर्चिला जाणारा धडा आहे.

मग या पदवीत शिकवतात काय? व्यक्तिव्यक्तींमधला संवाद, छोट्या गटांचे निर्णय, मन वळवण्याची तंत्रं, तंटे आणि वाटाघाटी, नेतृत्व, नव्या माणसाचं संस्थेत रुळणं. जोडीला संशोधनपद्धती येतात, म्हणजे सर्वेक्षण आणि संख्याशास्त्र, मुलाखती, प्रत्यक्ष जागी राहून केलेली निरीक्षणं. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या सारा ट्रेसी यांनी पर्यटक जहाजावर नोकरी करून, सतत हसतमुख राहण्याच्या सक्तीचा कर्मचाऱ्यांच्या मनावर काय परिणाम होतो, हे अभ्यासलं.

विद्यार्थ्यांच्या हातातलं सर्वांत उपयोगी साधन म्हणजे ‘कम्युनिकेशन ऑडिट’. हिशेब तपासतात तसा संवाद तपासायचा. इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनने १९७०च्या दशकात त्याची पद्धत तयार केली. तिच्या प्रश्नावलीची खुबी अशी की प्रत्येक मुद्दा दोनदा विचारतात: ही माहिती तुम्हाला सध्या किती मिळते, आणि किती मिळायला हवी? दोन उत्तरांमधलं अंतर मोठं दिसलं की दुखणं तिथे आहे. सोबत मुलाखती होतात, कर्मचारी काही दिवस संवादाची रोजनिशी लिहितात आणि कोण कोणाशी बोलतं याचं जाळं काढलं जातं. कार्यालयाच्या भिंतीवरची उतरंड आणि हे जाळं क्वचितच जुळतात.

संवाद सुधारला की फरक पडतो, याचे पुरावे विमानांत आणि शस्त्रक्रियागृहांत आहेत. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं आदळली आणि ५८३ माणसं मेली. रेडिओवरची वाक्यं संदिग्ध होती. पुढचं विमान धावपट्टीवरून हटलं नसावं, ही फ्लाइट इंजिनियरची शंका कॅप्टनने उडवून लावली. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगीच्या वेळी वापरायचा असा नियम आला, आणि कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलावी, वरिष्ठाने ती ऐकावी, याचं प्रशिक्षण सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९ कलमी शस्त्रक्रिया-यादीत, चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगावं, असं एक कलम आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

महाराष्ट्रात वाणिज्य शाखेच्या मुलांना ‘बिझनेस कम्युनिकेशन’चा पेपर असतो, त्यात पत्रलेखनावर भर असतो. एमबीए आणि जनसंपर्काच्या अभ्यासक्रमांतही विषयाचा अंश येतो. ज्याला यात खरा रस आहे त्याने मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र मुख्य विषय घ्यावा, संख्याशास्त्राची भीती घालवावी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी या विषयाचे विभाग धुंडाळावेत. पदवीधर मनुष्यबळ विभागात, प्रशिक्षणात, अंतर्गत संपर्काच्या कामात, रुग्णालयांत आणि स्वयंसेवी संस्थांत जातात.

आणि अभ्यासायला इथे काय कमी आहे? १९५०मध्ये सुरू झालेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापासून जिल्हा बँका, एसटीचे डेपो, बचत गटांचे महासंघ असा संस्थांचा मोठा पसारा महाराष्ट्रात आहे. ऊसतोडीची तारीख सभासदाला कोणाकडून कळते? डेपोतल्या मेकॅनिकने ब्रेकबद्दल केलेली तक्रार कुठल्या टेबलापर्यंत जाते? परिपत्रकातलं किती आशा सेविकेला समजतं आणि तिच्या वहीतलं किती तालुक्याला कळतं? ‘किती मिळते, किती हवी’ ही दोन रकान्यांची प्रश्नावली साध्या मराठीत करून एका आरोग्य उपकेंद्रापासून सुरुवात करता येईल. एखाद्या महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाला तेवढं काम पुरेसं आहे.