हायड्रंट आहे, पण पाणी?

आज खामगावच्या जिनिंगबद्दल बोलू. कापसाच्या गाठीची आग वरून विझलेली दिसते, आत मात्र धुमसत राहते. म्हणजे पाणी बराच वेळ लागतं. आता हिशोब बघा: साडेचार हजार लिटरचा बंब, मिनिटाला 2,250 लिटर फेकणारा पंप. दोन मिनिटांत टाकी रिकामी! मग भरायला जायचं कुठे? नगरपालिकेची लाइन कारखान्यांपर्यंत वाढवून हायड्रंट बसवला, तर बंब तिथेच भरतो. फक्त पाइप 100 मिमीऐवजी 150 मिमीचा टाका. तेवढ्याच दाबात पाणी जवळपास तिप्पट येतं. पण आपल्या जिल्ह्यात नळ रोज कुठे येतो? कोरड्या लाइनवरचा हायड्रंट म्हणजे नुसता लाल खांब. म्हणून सोबत जमिनीखाली राखीव टाकी हवीच, आणि वीज गेली तरी चालणारा डिझेल पंप.