सर्व्हरची तारीख चुकली तर पाहायचे कुठे?

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. नववीतल्या एका मुलीचे अब्बा स्टाफरूमच्या दारात उभे होते. हातात आमच्याच शाळेचा बोनाफाइड. "सर, स्कॉलरशिपच्या ऑफिसात हा घेतच नाहीत. नकली आहे म्हणतात." कागद पाहिला. नाव बरोबर, सही-शिक्का बरोबर, पण तारीख १ जानेवारी २०१५! त्या तारखेला ही मुलगी बालवाडीतही नव्हती. आणि फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस बाकी.

मी काही कॉम्प्युटरचा इंजिनिअर नाही. पण शाळेत ज्याला थोडेफार येते, त्याच्या गळ्यात हे काम पडतेच. आमच्या ऑफिसात एका जुन्या मशीनवर मायएसक्यूएल हा डेटाबेस चालतो. दाखला असो वा पावती, त्यावर तारीख क्लार्क टाकत नाही, डेटाबेस स्वतः टाकतो. म्हणून सगळ्यांना वाटले की सॉफ्टवेअर बिघडले.

इथेच पहिली गैरसमजूत. डेटाबेसकडे स्वतःचे घड्याळ नसते. तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, आणि सिस्टिम सुरू होताना मदरबोर्डवरच्या छोट्या घड्याळाला विचारते. म्हणून आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख पाहा, मग डेटाबेसला 'सिलेक्ट नाऊ' विचारा. दोन्ही सारखेच चूक असतील तर डेटाबेसला हात लावू नका, दोष खाली आहे. कोपऱ्यातली बरोबर आणि डेटाबेसची चूक असेल, तरच दोष वर शोधायचा.

दुसरा प्रश्न, फरक किती? माझ्या मते निम्मे निदान यातच होते.

फरक वर्षांचा असेल तर बहुतेक वेळा सेल संपलेला असतो. मदरबोर्डवर घड्याळातल्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. मशीनला वीज मिळते तोवर तो संपला आहे हे कळतही नाही. सुट्टीत आपण मेन स्विच बंद करून जातो, मग घड्याळ त्या सेलवरच चालते. सेल मेला की तारीख कारखान्यातल्या मूळ तारखेवर जाते. आमचे हेच झाले होते. कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळणारा सेल, आणि मुलीची स्कॉलरशिप त्यावर अडकली!

कुणी म्हणेल, इंटरनेटवरून वेळ आपोआप का सुधारली नाही? सुधारते, पण फरक थोडा असेल तर. फार मोठा फरक दिसला की मशीनलाच शंका येते. लिनक्सवरच्या जुन्या एनटीपीडी प्रोग्रामची मर्यादा तर मुळात १,००० सेकंदांची, त्यापुढे तो कामच थांबवतो. म्हणून आधी तारीख हाताने बरोबर करायची, मग वेळ जुळवणी चालू करायची. आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. आणखी एक खूण, तारीख वर्षानुवर्षे मागे असेल तर वेबसाइटही नीट उघडत नाहीत, सुरक्षेची प्रमाणपत्रे 'अजून लागू नाहीत' असे ब्राउझरला वाटते. लोक मात्र इंटरनेटवाल्याला फोन लावतात.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ ठीक आहे, टाइम झोन चुकला आहे. भाड्याचे सर्व्हर बहुतेक यूटीसी वेळेवर असतात आणि आपण त्यापुढे ५ तास ३० मिनिटे. दिवसा हे तारखेत दिसत नाही. पण रात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळेत सर्व्हरवर आदलाच दिवस चालू असतो. रमजानमध्ये सहरीला उठलेल्या माणसाने पहाटे चारला ऑनलाइन चंदा दिला, तर पावती कालची! महिन्याची पहिली तारीख असेल तर रक्कम मागच्या महिन्याच्या हिशेबात. मायएसक्यूएलमध्ये टाइम झोनची सेटिंग बघा. ती 'सिस्टिम' असेल तर तो सिस्टिमचा झोन सुरू होतानाच वाचतो, म्हणून सिस्टिमचा झोन बदलल्यावर डेटाबेस पुन्हा सुरू करावा लागतो.

याचीच एक वाईट बहीण म्हणजे जन्मतारीख. आपल्याकडे जुन्या रजिस्टरात निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा (आम्हा शिक्षकांचीच कृपा). एखादा प्रोग्राम तो '१ जून, रात्री १२' असा धरून यूटीसीत बदलतो आणि ३१ मे छापतो. पुढे दाखला, आधार, पासपोर्ट, सगळीकडे भांडण. जन्मतारखेला फक्त तारखेचाच रकाना ठेवा, वेळ जोडूच नका.

ओरॅकल वापरणाऱ्या मोठ्या संस्थांत वेगळा प्रकार होतो. तिथे 'सिसडेट' सर्व्हरची वेळ सांगतो आणि 'करंट डेट' तुमच्या सेशनच्या झोनची, दोन्ही वेगळे दिसले तर घाबरू नका. पण सिसडेट एकाच जागी थिजला असेल, कितीही वेळा विचारले तरी तेच सेकंद, तर कुणीतरी चाचणीसाठी 'फिक्स्ड डेट' लावून विसरले आहे. ती सेटिंग 'नन' केली की घड्याळ चालू. सर्व्हरवर बसून वेळ बरोबर आणि नेटवर्कवरून चूक दिसत असेल, तर लिसनर चुकीच्या टाइम झोनमध्ये सुरू झाला असण्याची शक्यता मोठी.

आमच्याकडे मी आधी बॅकअप घेतला, डेटाबेस बंद केला, सेल बदलला, तारीख लावली, मग डेटाबेस सुरू केला. तेवढ्याने काम संपत नाही. चुकीच्या तारखेने पडलेल्या नोंदी तशाच राहतात, घड्याळ सुधारले म्हणून त्या सुधारत नाहीत. क्लार्क म्हणाले, सगळ्यांना आजची तारीख टाकून देऊ. मी नाही म्हटले, कारण तीही खोटीच तारीख झाली असती. नोंदींचे क्रमांक ओळीने असतात, ते आम्ही कागदी जावक रजिस्टराशी जुळवले. एकूण २६ नोंदी निघाल्या. एकेकीची खरी तारीख लावली आणि काय, का आणि कधी बदलले ते मुख्याध्यापकांच्या सहीने लिहून ठेवले.

मुलीचा बोनाफाइड मात्र या सगळ्याच्या आधी, त्याच दुपारी हाताने लिहून दिला. दुसऱ्या दिवशी फॉर्म जमा झाला. आता सुट्टीवरून आलो की हजेरीपत्रक उघडण्याआधी क्लार्क स्क्रीनचा कोपरा पाहतात.