मिसळ खायला विमानाने!

रविवारी सकाळी मिसळ खाण्याचा बेत ठरला, की निगडी-चिंचवडला किंवा चाकणला राहणारे तुम्ही फार तर मोटारीत बसून हमरस्त्याला लागाल. अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांची तऱ्हा वेगळी. ते आपले एका इंजिनाचे छोटे विमान बाहेर काढतात, शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या एखाद्या लहानशा धावपट्टीवर उतरतात, तिथल्या उपाहारगृहात हॅम्बर्गर खातात आणि परत येतात. हॅम्बर्गर काही डॉलरचा, पण पेट्रोल आणि विमानाचे भाडे धरले तर तो शंभर डॉलरला पडतो! म्हणून अशा सहलीला तिकडे ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ असेच म्हणतात. (आजच्या भावाने शंभर डॉलरही पुरायचे नाहीत.) सर्वांना खुल्या असलेल्या सुमारे ५,००० धावपट्ट्या त्या देशात आहेत, तेव्हा ही चैन त्यांना परवडते.

आपल्या पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात मोटारी तयार होतात, इंजिने तयार होतात, पण धावपट्टी मात्र एकही नाही. चाकण-राजगुरुनगर भागात विमानतळ करण्याचा विचार बरीच वर्षे चालला होता. २०१६ मध्ये तो मागे पडला आणि पुरंदरची निवड झाली. लोहगावचा तळ हवाई दलाचा. हडपसरला ग्लायडिंगचे केंद्र आहे, पण मिसळीसाठी ग्लायडर उपयोगाचे नाही. मग उरते बारामती. तिथल्या धावपट्टीवर वैमानिकांचे शिक्षण चालते. तेव्हा आपण बारामती ते कोल्हापूर अशी एक सहल कागदावर आखू या. चाकणहून बारामती गाठण्यातच दोन-अडीच तास मोडतील, हे मी आधीच कबूल करतो. ही सहल वेळ वाचवण्यासाठी नाही, गणितासाठी आहे.

विमान घेऊ सेसना १७२. १९५६ पासून या जातीची ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली. जगात दुसऱ्या कोणत्याही विमानाची एवढी संख्या नाही. चार माणसांची जागा, पंख वरच्या बाजूला, पुढे एक पंखा. वेग ताशी १८० कि.मी. धरू. बारामती ते कोल्हापूर हवाई अंतर सुमारे १७७ कि.मी., म्हणजे जेमतेम एका तासाचा प्रवास.

आता वजन. तुम्ही चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या टेम्पोत भरताना पाहिल्या असतील. दोन गोण्या जास्त झाल्या तर टेम्पो कुरकुरतो, पण निघतो. विमानाचे तसे नाही. आपल्या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन १,१५७ किलोंच्या वर जाता कामा नये. रिकाम्या विमानाचे ७७० किलो समजा. उरले ३८७. प्रत्येकी ७५ किलोंची चार माणसे बसली की ३०० किलो संपले. पेट्रोल तासाला ३५ लिटर धरले तर जाऊन-येऊन ७० लिटर. विमानाचे पेट्रोल प्रत्येक धावपट्टीवर मिळतेच असे नाही, म्हणून परतीचे इथूनच न्यायचे. शिवाय वाट चुकली, वारा फिरला, तर हाताशी असावे म्हणून आणखी ३० लिटर. एकूण १०० लिटर. हे पेट्रोल पाण्याहून हलके असते. एका लिटरचे वजन ०.७२ किलो, म्हणजे १०० लिटरचे ७२ किलो. आता शिल्लक किती? अवघे १५ किलो! कोल्हापूरहून गूळ आणायचा म्हटले तर दहा किलोंची एकच ढेप.

पण थांबा. परतताना एक तासाचे पेट्रोल जळालेले असेल, म्हणजे २५ किलो वजन कमी झालेले असेल. तेव्हा १५ अधिक २५, म्हणजे ४० किलो, चार ढेपा! आणि मिसळीचे वजन? पाव, कांदा, रस्सा, वर ताक असे धरून माणशी एक किलो धरा. चौघांचे चार किलो. तेवढ्याने विमानाचे काहीच बिघडत नाही. फक्त चौथी ढेप रद्द होते. राहिलेल्या तीन ढेपा कुठे ठेवायच्या, हा प्रश्न मात्र आहे. सगळ्या गोण्या टेम्पोच्या शेपटाकडे रचल्या तर पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकत नाही. विमानातही गुरुत्वमध्य ठरावीक मर्यादेच्या मागे गेला तर नाक आपोआप वर जाऊ लागते आणि वैमानिकाला ते आवरत नाही. म्हणून नुसते वजन करून भागत नाही, ते कोणत्या जागी आहे याचेही गणित उड्डाणापूर्वी मांडावे लागते.

पुढे वारा. कोल्हापूर बारामतीच्या जवळजवळ दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे आहे. पश्चिमेचा वारा ताशी ३० कि.मी. वेगाने वाहतो आहे आणि तुम्ही विमानाचे नाक सरळ कोल्हापूरकडे धरून बसलात, तर तासाभरात विमान ३० कि.मी. पूर्वेला सरकलेले असेल. खाली पाहाल तर नरसोबाची वाडी जवळ आलेली! तिथली बासुंदी उत्तम असते हे खरे, पण धावपट्टी नाही. आलेखाच्या कागदावर १८० आणि ३० या बाजू घेऊन त्रिकोण काढा. नाक सुमारे १० अंश पश्चिमेला वळवून ठेवले पाहिजे असे उत्तर येईल. विमान तिरके तोंड करून सरळ रेषेत जाते. भरल्या नदीत नावाडी नाव काढतो ती हीच रीत.

आता खरा प्रश्न. कोल्हापूरला जायचेच आहे, तर तांबडा-पांढरा रस्सा खाऊन दुपारी निघायला काय हरकत आहे?

हरकत आहे ती हवेची. पंखांना मिळणारी उचल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. तापलेली हवा प्रसरण पावते, विरळ होते. अशा हवेत पंखांना उचल कमी मिळते, पुढच्या पंख्याला रेटायला हवा कमी मिळते आणि इंजिनाला श्वासही अपुरा पडतो. एकाच वेळी तिन्हीकडून मार!

किती मार, तेही मोजता येते. विमानविद्येत एक ‘प्रमाण हवा’ मानलेली आहे: समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस आणि दर किलोमीटर उंचीला ६.५ अंशांची घट. कोल्हापूरची धावपट्टी सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तिथे प्रमाण हवेचे तापमान येते ११ अंश. मे महिन्यातल्या एखाद्या कडक दुपारी पारा ४० वर गेला, तर हवा प्रमाणापेक्षा २९ अंश जास्त तापली. प्रत्येक अंशाला सुमारे ३६ मीटर उंची वाढली असे समजायचे, हा वैमानिकांचा ठोकताळा. २९ गुणिले ३६ म्हणजे १,०४४. त्यात ६०० मिळवा. उत्तर १,६४४ मीटर. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर! धावपट्टी जागची हललेली नाही, पण विमानाच्या लेखी ती राज्यातल्या सर्वांत उंच शिखरावर जाऊन बसली आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ, आणि आपल्या विमानाला जमीन सोडण्यासाठी जवळजवळ दीडपट धाव लागते. उडाल्यावरही ते सावकाशच चढते. लांब धावपट्टीवर हे निभावते. आखूड धावपट्टीच्या टोकाला झाडे असतील तर निभावत नाही.

तेच सकाळी आठला तापमान २६ अंश असेल तर? १५ अंश जास्त, म्हणजे ५४० मीटर; एकूण १,१४०. पाचशे मीटरांचा फरक केवळ वेळ बदलल्याने पडला. आणि उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीवरून तापलेल्या हवेचे झोत वर चढत असतात. हडपसरच्या ग्लायडरना ते हवेच असतात, पण भरल्या पोटी मागच्या आसनावर बसलेल्यांना नव्हे. तिसऱ्या प्रहरी वळवाचे ढग उठले तर त्यांच्याजवळही फिरकायचे नसते. जेवणानंतर वैमानिकाला येणारी सुस्ती ती आणखी वेगळी.

म्हणून बेत असा. उड्डाणाचा आराखडा आदल्या दिवशीच तयार ठेवायचा, हवाई संरक्षणाची परवानगी मिळवायची. सात वाजता बारामती सोडायची, आठला कोल्हापूर. गावात जाऊन मिसळ खायची आणि साडेदहाच्या आत परतीचे उड्डाण. रस्सा मात्र रेल्वेने जाल तेव्हासाठी राखून ठेवा. मिसळ सकाळी मिळते, या एका गुणावर तिने इथे बाजी मारली आहे.

पेट्रोल, भाडे, धावपट्टीचे शुल्क हे सारे चौघांत वाटले तर एक मिसळ किती रुपयांना पडेल, ते मात्र मी काढलेले नाही. तुम्ही मात्र दुसरे एक गणित करून पाहा. जानेवारीतल्या पहाटे कोल्हापुरात पारा १४ अंशांवर आहे. धावपट्टी विमानाच्या लेखी किती मीटर उंचीवर असेल? आणि चौघांऐवजी तिघेच गेलात, तर परतताना गुळाच्या किती ढेपा आणता येतील?